पटावर एकटीच

शाळेचा पट एकावर आला त्या वर्षी मी एक्कावन्न वर्षांची होते. झरी गावाच्या पुढं डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं की पाच-सहा घरांची एक वस्ती लागते. तिथली दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. आदल्या वर्षी सात मुलं होती. मग एकेका घरानं आपली पोरं परभणीच्या इंग्रजी शाळेत घातली. सकाळी पिवळी गाडी यायची, हॉर्न वाजवायची आणि टाय लावलेली पोरं तिच्यात बसून निघून जायची. माझ्यासोबतच्या सरांची बदली झाली. जूनमध्ये मी शाळा उघडायला गेले तेव्हा व्हरांड्यात एकच मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. तिसरीत गेलेली, आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या.

"बाकीचे कुठंयत?" मी विचारलं.

"गाडीत गेले."

"आणि तू?"

"आबा म्हणले, एका पोरीला एक मॅडम, असं परभणीत बी मिळायचं न्हाई."

आबा म्हणजे तिचे आजोबा. माणूस हिशेबी नव्हता, पण बोलला ते खरं होतं.

प्रार्थनेची वेळ झाली. ती अंगणात जाऊन उभी राहिली, सवयीप्रमाणं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घ्यायला तिनं हात पुढं केले. पुढं कुणी नव्हतं. थोडा वेळ हात तसेच हवेत राहिले. मग ती वळून म्हणाली, "मॅडम, रांग कशी करू?"

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. तिनं माझ्या पाठीवर हात टेकवून अंतर घेतलं आणि आम्ही दोघींनी रिकाम्या भिंतीकडं तोंड करून राष्ट्रगीत म्हटलं.

शिकवायचं म्हणाल तर अडचण काहीच नव्हती. तीस मुलांना जे शिकवायला आठवडा लागतो ते तिला एका सकाळी येऊन जायचं. साडेबाराला माझ्याकडचं संपलेलं असायचं. तिची आईच शाळेची खिचडी शिजवायची, त्यामुळं घरचाच स्वयंपाक शाळेच्या चुलीवर व्हायचा आणि घरचीच पोर तो जेवायची. जेवण झालं की आई भांडी घेऊन निघून जायची. पुढं सगळी दुपार पडलेली. शाळेभोवती सोयाबीन, त्यापलीकडं तूर, आणि लांबवर रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज. बाकी काही नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, खेळायचं का?"

मी पदर खोचला. मी लहानपणी पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. वडील रेल्वेत होते. तिथं शाळा सुटली की चाळीस-पन्नास पोरं एकदम बाहेर पडायची, आणि खेळ सुरू करायला कुणाला बोलवावं लागायचं नाही. इथं आम्ही दोघी. लंगडीला दोघी पुरतात, पण तीत मजा काय? एक पळते आणि दुसरी लंगडत तिच्यामागं जाते, मध्ये चुकवायला कुणीच नाही. लपाछपीला शाळेत लपायच्या जागा चार. दोन दिवसांत त्या चारही आम्हाला तोंडपाठ झाल्या. राजा, राणी, चोर, शिपाई खेळायचं तर चार माणसं लागतात. तिनं एक दगड आणला आणि पाण्याची कळशी ओढून आणली. चिठ्ठ्या टाकल्या, दगडाची चिठ्ठी तिनंच उघडली, कळशीचीही तिनंच. दगड तीन वेळा चोर निघाला. चौथ्या वेळी ती त्याच्यावर खरंच रागावली.

पहिल्यांदा मी तिला लंगडीत बाद केलं तेव्हा ती रडली. मोठ्यानं नाही. भिंतीकडं तोंड करून, नाक ओढत. मला वाईट वाटलं. दुसऱ्या डावात मी मुद्दाम पाय टेकवला. ती टाळ्या पिटत उड्या मारायला लागली, "मॅडम आउट! मॅडम आउट!" म्हणत अंगणभर पळाली. त्या दिवसापासून मी हरायला लागले.

आता खरं सांगायचं तर ते मी तिच्यासाठी करत होते असं मला तेव्हा वाटायचं. तसं नव्हतं. परभणीत माझं दोन खोल्यांचं घर. हे जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला नोकरीला. ती ऑफिसातून घरी जाताना फोन करायची, "जेवलीस का?" विचारायची, आणि तिचं ठिकाण आलं की फोन ठेवायची. घरात गेल्या गेल्या मी टीव्ही लावायचे, बघायला नाही, आवाजाला. दिवसभरात माझ्यामुळं कुणी हसलं असेल तर ती एवढी एकच पोर. तिचं ते हसणं मला रोज हवं असायचं, आणि ते मिळवायची युक्ती मला सापडली होती. मी हरत राहिले. पूर्ण पावसाळा हरले. गजग्यांच्या, म्हणजे सागरगोट्यांच्या, खेळात माझ्या हातून गजगे सांडायचे, लपाछपीत माझा पदर दाराबाहेर राहायचा, ठिकरी रेघेवर पडायची. ती जिंकायची आणि मी स्कूटीवरून हसत परभणीला परतायचे.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं. गंगाखेडहून तिच्या मामाच्या मुली येणार होत्या. दोघी. एक नऊची, एक अकराची. "मॅडम, मी त्यायला लंगडीत हरवणार. गजग्यात बी. मला कुणीच हरवू शकत न्हाई, हो ना?"

"हो," मी म्हणाले.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा ती आली, पाटी काढून बसली, आणि जेवणापर्यंत एक शब्द बोलली नाही. खिचडी वाढताना तिच्या आईनंच सांगितलं.

"लय बेजार केलं हिनं सुट्टीत, मॅडम. पयल्याच दिवशी भांडली. हरली की डाव मोडायची. गजगे फेकून दिले खळ्यात. थोरलीच्या हाताला चावली बघा, रगत निघालं. पुन्हा त्या दोघी हिच्यासंगं खेळंनात. त्या खळ्यावर खेळायच्या अन् ही घरात तोंड लपवून पडायची. चार दिस ऱ्हायला आल्या होत्या, तिसऱ्या दिशी गेल्या."

मुलगी ताटातली खिचडी बोटानं इकडून तिकडं करत होती. आई गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. विचारलं, काय झालं होतं.

ती म्हणाली, "मॅडम, त्यायला खेळता येत न्हाई."

"का गं?"

"त्या हरतच न्हाईत."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं, अगदी मनापासून. तिच्या माहितीप्रमाणं खेळ म्हणजे दोघींपैकी एकीनं जिंकायचं आणि दुसरीनं हरायचं, आणि कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं. त्या पोरींना एवढं साधं माहीत नव्हतं. डी.एड.ला असताना "खेळातून बालविकास" यावर मी दोन पानं लिहिली होती आणि चांगले गुणही मिळवले होते. त्यातलं एक वाक्यही मला कधी कळलं नव्हतं हे मला त्या दुपारी, त्या खिचडीच्या ताटासमोर कळलं.

पूर्णेला आमच्यात लिंबूटिंबू असायचे. चार-पाच वर्षांची बारकी पोरं. त्यांना खेळात घ्यायचं, पण ती बाद झाली तरी बाद धरायची नाहीत, त्यांच्यावर राज्य आणायचं नाही. मीही तशीच होते. एक दिवस आमच्यातल्या एका थोरल्या मुलीनं मला पकडलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आजपासून ही पक्की!" राज्य माझ्यावर आलं. मी रडत रडत राज्य दिलं. संध्याकाळपर्यंत कुणी सापडलं नाही, मी अजून रडले, पण घरी गेल्यावर आईला पहिली गोष्ट हीच सांगितली की आज मी पक्की झाले. ती मुलगी माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठी असेल. तिला जे समजलं होतं ते मला पंचवीस वर्षं नोकरी करून समजलं नव्हतं. या पोरीला मी तिसरीतही लिंबूटिंबूच ठेवलं होतं आणि तिला ते सांगितलंही नव्हतं.

मग मी सुधारायला गेले. दुसऱ्या दिवशी लंगडीत तिला खरोखर बाद केलं. माझ्या गुडघ्यानं जेवढी साथ दिली तेवढ्यात. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिला मारलंय. दोन दिवस ती माझ्याशी खेळली नाही. तिसऱ्या दिवशी खेळली, हरली, आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या मनात आलं की तुमी हरवताव." तिचं बरोबर होतं. एका मोठ्या बाईच्या मर्जीनं आधी जिंकणं होतं, आता हरणं. मर्जी माझीच. मी काहीही केलं तरी तिच्याएवढी होऊ शकत नव्हते.

असेच दोन महिने गेले. मी गोष्टी सांगायचे, ती चित्रं काढायची. तिच्या चित्रात घर, झाड, विहीर असायची. माणूस काढ म्हटलं तर एक काढायची.

तूर काढून झाली आणि आबांनी शाळेशेजारच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या. एका सकाळी मी पोचले तर रानात जाळीचं कुंपण, दोन घोडी, राहायला एक कापडी पाल, आणि दीडेकशे मेंढ्यांचा गलका. पालापुढं एक म्हातारी कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. तिच्यासोबत तिचा मुलगा, सून, आणि दोन नाती. थोरली दहा-अकराची, धाकटी सहाची असेल. शाळेत न जाणारी मुलं दिसली की त्यांना वर्गात आणायचं हे आमचं कामच. मी म्हातारीकडं गेले.

"पोरींना बसवा की शाळेत. आहात तोवर."

"बसवते की. पर मेंढ्या हलल्या की आमी बी हलणार, बाई. पुन्हा म्हणू नका नाव घातलं अन् पोरी गायब."

"नाही म्हणणार."

त्या दिवशी रांगेत तिघी उभ्या राहिल्या. माझी पटावरची मुलगी सगळ्यात मागं. तिनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं. मी समोर उभी होते, शिक्षकानं उभं राहायचं तिथं.

पहिला आठवडा वाईट गेला. थोरलीला अक्षरं जेमतेम यायची, पण अंगणात ती राणी होती. एका पायावर ती अख्ख्या शाळेला तीन चकरा मारायची. माझी मुलगी पहिल्या डावात बाद झाली, दुसऱ्यात झाली, तिसऱ्यात तिनं बाद झाल्याचं कबूलच केलं नाही.

"तुझा पाय टेकला."

"न्हाई टेकला."

"टेकला! ही बघ खूण हाय मातीत."

मुलीनं मातीतली खूण पायानं पुसून टाकली. थोरलीनं तिला ढकललं. मुलगी उठली, आणि मी बसले होते त्या व्हरांड्याकडं रडत पळत आली. "मॅडम, तिला सांगा! तिला सांगा माझा टेकला न्हाई!"

मी उठायला लागले. म्हातारी व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, ते बाटलीवरचं कोकरू घेऊन. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बसा, बाई. तुमी मदी गेलाव की खेळ मोडतो."

"पण रडतीय ती."

"रडू द्या. हे बघा." तिनं कोकराच्या पाठीवर हात फिरवला. "ह्याची माय मेली. मी बाटलीवर वाढिवलं. माणसात ऱ्हायलं, माझ्या अंथरुणात निजलं. आता मोठं झालं तर कळपात सोडते मी. पर ह्याला उमजंना. बाकीची कोकरं सांजच्याला खेळतेत, एकमेकाला ढुशा देतेत, पडतेत, उठतेत. किती जोरात मारायचं, कवा थांबायचं, त्यायला ठाऊक होतंय. ह्यानं ढुशी खाल्लीच न्हाई कुणाची. मग हे एक तर लय जोरात मारतंय, न्हाई तर माझ्या लुगड्यात येऊन लपतंय. कळपात हाय, अन् एकलंच हाय."

मुलगी माझ्या साडीला धरून उभी होती. मी तिची बोटं सोडवली. "जा," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

ती गेली नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली. खेळ थांबला. थोड्या वेळानं धाकटी आली, तिच्या फ्रॉकला ओढत म्हणाली, "चल की. राज्य तुझ्यावरच हाय." मुलगी हलली नाही. धाकटी गेली. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत ती तिथंच बसून होती.

त्या संध्याकाळी मी लगेच निघाले नाही. मेंढ्या रानातून परत आल्या आणि कोकरं मोकळी सुटली. बांधाजवळ मातीचा एक उंचवटा होता. एक कोकरू पळत त्याच्यावर चढलं, दुसऱ्यानं त्याला ढुशी देऊन खाली पाडलं, ते वर राहिलं, मग तेही पडलं. पडलेलं परत चढायचं. कुणी शिकवत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. आया बाजूला चरत होत्या. मला वाटलं, आमच्या शाळा कालपरवाच्या. पुस्तकं कालपरवाची. हे मात्र माणूस माणूस व्हायच्याही आधीपासून चालत आलेलं असणार. ज्या ज्या जीवाला पुढं आपल्यासारख्यांमध्ये राहायचं आहे, त्याला लहानपणी पडायला एक उंचवटा आणि पाडायला एक सोबती दिलेला असतो. आम्ही या वस्तीतून एकेक करून सगळे सोबती काढून नेले होते, आणि राहिलेल्या एका पोरीला एक मॅडम दिली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती उठून गेली. मी बोलावलं नाही, त्यांनीही नाही. ती जाऊन कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "राज्य माझ्यावर हाय ना?" थोरली म्हणाली, "व्हय." एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही. ती लंगडी घालत थोरलीच्या मागं गेली, थोरलीनं तिला दमवलं, ती पडली, गुडघा फुटला, उठली. रडली, पण पळता पळता.

मग मी बघत राहिले, आणि रोज काहीतरी वेगळं दिसायला लागलं. थोरली फार जोरात पळते म्हणून तिनं डाव्या पायावर लंगडायचं असं त्यांनी ठरवलं. गोल लहान केला. भांडण झालं की एकजण ओरडायची, "टॅम्प्लीज!" आणि मग तिघी उकिडव्या बसून, खेळायला लागला नसता एवढा वेळ, नियमावर बोलायच्या. माझी मुलगी, जी एका चित्रात एकच माणूस काढायची, ती आता हात नाचवत वकिलासारखी बोलायची. कधी तिचं ऐकलं जायचं, कधी नाही. नाही ऐकलं तरी ती खेळायची.

एका दुपारी ती धापा टाकत माझ्याकडं पाणी प्यायला आली. चेहरा लाल. तांब्या तोंडाला लावायच्या आधी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, धाकटी माझ्या हातात आली होती. सोडली मी तिला. बारकी हाय ना. पर तिला कळू दिलं न्हाई."

"हो का?"

ती पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला. मग तो तसाच धरून माझ्याकडं बघत उभी राहिली. "तुमी बी मला असंच सोडायच्या ना?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," मी म्हणाले.

"समदे डाव?"

"बहुतेक सगळे."

मला वाटलं ती चिडेल. पण ती जे म्हणाली ते मी अजून विसरले नाही. "मग तुमाला खेळायलाच मिळालं न्हाई की, मॅडम."

आणि ती पळत गेली.

दोन-तीन दिवसांनी मी स्वतःहून अंगणात उतरले. "मी येऊ का?" विचारलं. तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. "या की, मॅडम," थोरली म्हणाली. त्यांनी मला जागा करून दिली. माझ्यावर राज्य कुणी येऊ देईना. "तुमी आधी," "तुमी दमला असाल," "मॅडमला नगं पकडू." डाव एकदम शिस्तीचा झाला, आवाज उतरले, टॅम्प्लीज कुणी म्हणेना. धाकटीनं तर मला हातच जोडले. पाच मिनिटांनी मी गुडघ्याचं निमित्त काढून वर आले. मी पायरी चढते न चढते तोच मागं पुन्हा गलका सुरू झाला. मी ऑनलाइन भरायची माहिती काढून बसले. त्या दिवशी मोबाइलला रेंज होती, तरी माहिती भरून झाली नाही.

दीड महिन्यानं मेंढ्या हलल्या. मी पोचले तेव्हा रानात फक्त लेंड्या आणि जाळीच्या खुंट्यांची भोकं होती. मुलगी बांधावर बसली होती. मी तयारीत होते, समजूत घालायच्या. पण ती रडत नव्हती. म्हणाली, "पाथरीकडं गेले. आजी म्हणाली पुढल्या साली बी येऊ, पर सांगता येत न्हाई." मग बांधावरचं ढेकूळ फोडत, "मॅडम, झरीच्या शाळंत पोरी हायेत का?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

"लंगडी खेळतेत?"

"खेळत असतील."

"मग मला तिथं जायचंय."

तिनं हे माझ्याकडं न बघता सांगितलं. मला वाटतं, तिला कळत होतं ती काय मागतेय.

आबांना हे पटेना. ते शाळेत आले, फेटा काढून मांडीवर ठेवला. "मॅडम, पोर गेली तर शाळा बंद पडल की. तुमी लय जीव लावला तिला. तुमीच समजावून सांगा."

खरं तर मला तेच करायचं होतं. दोन वाक्यं बोलले असते तर ती राहिली असती. चौथी होईपर्यंत माझ्याजवळ राहिली असती. मी आबांना म्हणाले, "आबा, मी तिला वाचायला शिकवलं, गणित शिकवलं. जे मी शिकवू शकत नाही ते तिला त्या धनगराच्या पोरींनी शिकवलं. पोरीला पोरी लागतात. जाऊ द्या तिला." आबांनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवला. मग म्हणाले, "सायकल घ्यावी लागल."

परीक्षा झाल्यावर मीच तिचा दाखला लिहिला. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं असतं. तेच लिहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर कुणीच नव्हतं. पण वरून आदेश येईपर्यंत शिक्षकानं हजर राहायचं असतं. मी रोज जायचे, कुलूप काढायचे, फळ्यावर तारीख आणि वार लिहायचे, खाली पट शून्य. साडेदहाला प्रार्थनेच्या वेळी उभी राहायचे, मग बसायचे. पिवळी गाडी जाताना हॉर्न द्यायची. तिच्या आईनं दोन-चार दिवस येऊन डोकावून पाहिलं, चहा आणला, मग शेतातली कामं निघाली. एकदा कंटाळून मी कपाटातले गजगे काढले. एकटीनं खेळता येणारा तेवढाच खेळ. वर उडवलेला गजगा एकदाही हातात आला नाही, आणि या वेळी मी मुद्दाम सोडत नव्हते. असे सात आठवडे काढले. नोकरीतले सगळ्यात लांब सात आठवडे.

मग माझी बदली पोखर्णीच्या बाजूला झाली. तिथं मुलं भरपूर आहेत. मधल्या सुट्टीत कानठळ्या बसतात. मुलं भांडत भांडत माझ्याकडं येतात, आणि रक्त निघालेलं नसेल तर मी म्हणते, तुमचं तुम्ही बघा. नवीन आलेल्या तरुण बाईंना वाटतं मी निगरगट्ट झालेय. असेनही.

झरीला मी एकदाच गेले. एका नातलगाकडं कार्यक्रम होता. येताना शाळेच्या फाटकापाशी स्कूटी उभी केली. ती आत होती, पाच-सहा पोरींच्या घोळक्यात. उंच झाली होती. कशावरून तरी वाद चालला होता, ती सगळ्यात मोठ्यानं बोलत होती, आणि हरली. राज्य तिच्यावर आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, हात केला. मला वाटलं येईल. ती एक पाऊल आली, मग मागून कुणीतरी ओरडलं, आणि तिनं "आले!" म्हणत भिंतीला तोंड लावून आकडे मोजायला सुरुवात केली. मी वीसपर्यंत ऐकले आणि निघाले.

त्या संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. "जेवलीस का?" तिनं विचारलं. मी एकदम म्हणाले, "तू लहानपणी कुणाशी खेळायचीस गं?"

ती हसली. "हे काय मधेच?"

"सांग की."

आम्ही दोघं नोकरीला. ती दुपारी शाळेतून यायची, गळ्यात किल्ली. मी सहाला पोचायचे. त्या मधल्या चार तासांबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. गृहपाठ झाला का, दूध प्यालीस का, एवढंच विचारायचे.

"गच्चीवर खेळायचे की," ती म्हणाली. "टाकीच्या मागं. शाळा शाळा. अख्खा वर्ग होता माझा, विटांचा. मी मॅडम."

"एकटीच?"

"हो. पण मला आवडायचं." मग म्हणाली, "आई, कॅब आली. उद्या करते."

मी गॅस बारीक करून गच्चीवर गेले. पुष्कळ दिवसांत गेले नव्हते. दिवे लागायच्या वेळेचा उजेड होता. जुनी सिमेंटची टाकी हे असतानाच पाडली होती, तिच्या जागी आता काळी प्लास्टिकची आहे. तिच्या मागं केबलची वेटोळी, एक तुटकी कुंडी, कुणीतरी वाळत घातलेलं आणि विसरलेलं एक पायपुसणं. मी टाकी आणि कठड्याच्या मधल्या त्या फटीत उभी राहून बघितलं, तिथं एक पोर बसली तर तिला काय काय दिसत असेल. रस्ता दिसत नव्हता. शेजारच्यांची गच्ची दिसत नव्हती. वरचं आभाळ तेवढं दिसत होतं.

खालून कुकरची शिट्टी झाली. मी पायपुसणं उचललं, झटकलं आणि जिना उतरले.